‘ग्रहीय’ तेजोमेघात ग्रह कुठे आहे?

‘ग्रहीय तेजोमेघ’ या संज्ञेतील ‘ग्रहीय’चा अर्थ काय, हे मेघ ग्रहांतून निघतात की त्यांतून ग्रह घडतात, असा प्रश्न आला आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत; सूर्यासारख्या ताऱ्याने अखेरच्या अवस्थेत सोडलेल्या वायूचे ते उजळलेले कवच असते. स्वरमंडल तारकासमूहातील कंकणाकृती तेजोमेघ १७७९ साली पाहणाऱ्या दार्किए या फ्रेंच निरीक्षकाला तो विझत चाललेल्या ग्रहासारखा वाटला होता. पुढे, १७८१ साली युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांनी अशा फिकट, वाटोळ्या चकत्यांचा स्वतंत्र वर्ग करून त्याला हे नाव दिले. साम्य होते ते केवळ दुर्बिणीतून दिसणाऱ्या बिंबाचे.

मराठीत घोटाळा वाढवतो तो ‘ईय’ प्रत्यय. ‘भारतीय’, ‘राष्ट्रीय’ या शब्दांत तो संबंध दाखवतो. ‘काकतालीय’मध्ये तो सादृश्यही सांगतो खरा, पण तो अर्थ आज कोणाच्या मनात येत नाही, त्यामुळे ‘ग्रहीय’ वाचताच ‘ग्रहाचा’ असाच बोध होतो. म्हणून मला ‘बिंबाभ्रिका’ (बिंबासारखी दिसणारी अभ्रिका, म्हणजे तेजोमेघ) हा परिभाषेतला दुसरा शब्द अधिक पटतो. सूर्यबिंब, चंद्रबिंब म्हणणाऱ्या भाषेला तो परका नाही.

अर्थात तोही निर्दोष नाही, कारण या मेघांपैकी अनेकांचा आकार वाटोळा नसतोच. सूर्यासारखा तारा अखेरच्या अवस्थेत फुगून आपले बाह्य थर सेकंदाला दहा-वीस किलोमीटर अशा मंद गतीने सोडत राहतो. मग उघड्या पडलेल्या तप्त गाभ्यातून हजारावर किलोमीटर वेगाचा विरळ वारा सुटतो, तो आधीच्या वायूला मागून रेटत त्याचे कवच करतो आणि गाभ्याचे अतिनील किरण ते कवच उजळवतात. ताऱ्याला जोडीदार असेल, तर मंद वायू कमरेभोवती दाट साचू शकतो, वेगवान वाऱ्याला ध्रुवांकडेच वाट मिळते आणि डमरूसारखी किंवा फुलपाखरासारखी आकृती उमटते.

याच संदर्भात ‘ताऱ्याचा स्फोट होतो’ असे लिहिलेले आढळते, ते टाळावे. स्फोट हा अतिनवताऱ्याचा (सुपरनोव्हा), म्हणजे एकाएकी फुटून प्रचंड उजळणाऱ्या ताऱ्याचा. ‘कात टाकतो’ हा प्रयोग चित्रदर्शी असला तरी कात टाकलेला साप नव्याने तरतरीत होतो, हा तारा मात्र श्वेतबटू, म्हणजे नुसता उरलेला लहान, दाट गाभा होऊन निवत जातो. ‘बाह्य थर सोडतो’ एवढेच पुरेसे आहे.