चार वर्षांच्या मुलाचे शब्द विज्ञानाच्या खेळांतून वाढतात का?
वाढतात, आणि तक्ते पाठ करून घेण्यापेक्षा चांगले, कारण शब्द हातातल्या वस्तूबरोबरच येतो. बादलीभर पाणी घ्या. नाणं टाकण्याआधी विचारा, "बुडेल की तरंगेल? तुझा अंदाज काय?" इवलंसं नाणं बुडतं आणि त्याहून जड लाकडी ठोकळा तरंगतो, तेव्हा मूल चक्रावतं. नव्या शब्दांसाठी हीच वेळ. मग एका पेल्यात साखर, दुसऱ्यात वाळू ढवळायला द्या. "साखर पळाली!" असं म्हणालं तर चूक काढू नका, "हो, विरघळली. वाळू मात्र तळाशी बसली," एवढंच म्हणा. व्याख्या नकोच. पण तोच शब्द आठवडाभर वेगवेगळ्या निमित्तानं कानावर पडू द्या, अगदी अंघोळीच्या वेळीसुद्धा. एकदा ऐकलेला शब्द सहसा टिकत नाही.