लग्नाआधीच्या शरीरसंबंधांची देव क्षमा करतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: लग्नाआधी आलेल्या शरीरसंबंधांची देव क्षमा करतो का, आणि होणाऱ्या नवऱ्याला ते सांगायलाच हवं का.

पहिल्याचं उत्तर हो. हातचं काही न राखता करतो.

शरीरसंबंधांची जागा लग्नात आहे ही शिकवण मी मानते, ती पातळ करून सांगणार नाही. पण आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये याच एका पापाला, त्यातही मुलीच्या, जो वेगळा काळिमा लावतात तो येशूने लावलेला नाही. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला लोक त्याच्यापुढे उभं करतात. मोशेच्या नियमशास्त्रात शिक्षा दोघांनाही सांगितली होती, पुरुषाला मात्र कोणी आणलंच नाही! येशू आधी म्हणतो, मीही तुला दोषी ठरवत नाही. पुन्हा पाप करू नकोस हे त्यानंतर. तुम्ही आधी सुधारून दाखवायचं आणि मग क्षमेची वाट बघायची, असा क्रम तिथे नाही.

पंडिता रमाबाईंना हेच भिडलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांचा आश्रम पाहिला. तिथल्या भगिनी त्या स्त्रियांची मायेने सेवा करत होत्या. हे कशासाठी, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. पाच नवरे झालेली, आणि आता सोबत राहणारा तिचा नवरा नाही, अशी ती बाई. ‘मीच मसीहा आहे’ हे येशू एका विहिरीपाशी तिलाच उघड सांगतो. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला अशाच स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन काढलं.

तुमच्यावर जबरदस्ती झाली असेल, तर मात्र क्षमा मागण्याचा प्रश्नच येत नाही. ते पाप त्या माणसाचं.

कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदन करा. तिथे सांगितलेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत, चर्चचा तसा कडक नियम आहे. आम्ही प्रोटेस्टंट प्रार्थनेत थेट देवापाशी कबूल करतो.

नवऱ्याला सांगायलाच हवं, अशी आज्ञा मला शास्त्रात कुठे सापडत नाही. तरी माझं मत, लग्नाआधी सांगावं. सगळा तपशील नको, पण खोटंही नको. ऐकून तो तुम्हाला कमी लेखू लागला, तर लग्न पुढे ढकला आणि तुमच्या पाळकांशी किंवा फादरांशी दोघांनी मिळून बोला.