डीव्हीआरची डीएव्ही फाईल व्हीएलसीत धड चालत नाही, एमपी४ करून पोलिसांना दिली तर चालेल का?

सोसायटीच्या गेटसमोरच्या अपघाताचं फुटेज तुम्ही डीव्हीआरमधून, म्हणजे सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून, पेनड्राइव्हवर काढलंय आणि व्हीएलसी प्लेयरमध्ये गाड्या भलत्याच वेगात पळताना दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. मी असं फुटेज तपासायचंच काम करते, म्हणून ठामपणे सांगते: पोलिसांना मूळ डीएव्ही फाईलच द्या. एमपी४ हवी तर सोबत द्या, मूळ फाईलच्या बदल्यात नको.

डीएव्ही हा दहुआ या सीसीटीव्ही कंपनीच्या रेकॉर्डरचा फाईल-प्रकार. आतलं चित्र बहुतेक वेळा साधं एच.२६४ किंवा एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायच्या नेहमीच्या पद्धती) असतं, पण त्याभोवती कंपनीचं स्वतःचं वेष्टन असतं आणि प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका स्थिर चित्राच्या, वेळेची नोंद त्या वेष्टनात असते. ती वाचता आली नाही की प्लेयर स्वतःच्या अंदाजाने, अनेकदा सेकंदाला २५ फ्रेम धरून, फाईल चालवतो. कॅमेऱ्याने १२च टिपल्या असतील तर तासाभराचं चित्रीकरण अर्ध्या तासाच्या आत संपतं.

अपघातात हे फार महागात पडतं. विजेच्या दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजायचं, ते कापायला गाडीला किती फ्रेम लागल्या ते मोजायचं, त्यावरून वेग काढायचा, अशी ही पद्धत. १२च्या जागी २५ धरले की ताशी ४०ने चाललेला दुचाकीस्वार कागदावर ८३ला पोचतो! म्हणून कंपनीचाच प्लेयर वापरा. फुकटचे कन्व्हर्टर तर चित्रही पुन्हा दाबतात (कॉम्प्रेस करतात). एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये 'कॉपी' वापरलं तर चित्र जसंच्या तसं राहतं, पण मूळ वेळ त्यातही हरवू शकते.

नंबरप्लेटसाठी कुठेही पॉज करून अंक वाचू नका. प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण चित्र नसतं; अधूनमधून एक पूर्ण फ्रेम येते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल साठवलेले असतात. त्यामुळे प्लेटचा एखादा तुकडा आधीच्याच फ्रेममधून उचललेला असू शकतो. एआयने प्लेट 'स्वच्छ' करणारी अ‍ॅप्स तर अंक मनाने भरतात. त्यांच्या नादी अजिबात लागू नका.

डीव्हीआरच्या स्क्रीनवरचं घड्याळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या. ही घड्याळं पुढेमागे असतातच, फरक लिहून ठेवा. फाईलचा एसएचए-२५६ हॅश काढा; हॅश म्हणजे फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा, फाईल जराही बदलली की तोही बदलतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये त्याची सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तिथे तो पुन्हा दाबला जातो.

१ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे; ते इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल आहे. त्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो, आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. जुन्या कायद्यातल्या अशाच, कलम ६५बच्या प्रमाणपत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये निकाल दिला तो आपल्या जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात, आणि तिथेही मुद्दा व्हिडिओचाच होता. मूळ यंत्रच कोर्टात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही, असंही त्यात म्हटलंय. म्हणून डीव्हीआर विकू नका, फॉरमॅट करू नका.

डिस्क भरली की रेकॉर्डर जुन्यावरच नवं लिहितो. त्या दिवसाचं, आजूबाजूच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं, अपघाताच्या आधीच्या आणि नंतरच्या तासासकट फुटेज आजच काढून घ्या.