पैसे भरण्याआधी विमानाचे भाडे चार-पाच दिवस धरून ठेवता येते का?

आपला भाऊ महिनाभराने नोकरीसाठी दुबईला जाणार आहे, कापसाचा चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) यायला पाच दिवस आहेत, तोवर आजचे भाडे धरून ठेवता येईल का आणि ‘मी होल्ड करून ठेवतो’ म्हणणाऱ्या एजंटवर विसंबावे का, असे आपण विचारले आहे. भाडे धरून ठेवता येते. पण एजंटच्या तोंडी शब्दावर मुळीच विसंबू नका. इतक्या ठामपणे लिहितो, कारण हाच प्रश्न २०१९ च्या फेब्रुवारीत आमच्या घरी उभा राहिला होता आणि त्यावरून आम्हा दोघा भावांत सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी आहे. मोठ्या मुलीला जर्मनीत प्रवेश मिळाला होता आणि मार्चच्या मध्याला तिला मुंबईहून फ्रँकफर्टला जायचे होते. जर्मनीच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे वर्षभराच्या खर्चाचे ८,६४० युरो तिच्या नावे खात्यात आधीच अडकवावे लागले होते, त्यामुळे घरात रोकड उरलेली नव्हती. कापूस जिनिंगवर घातला होता, चुकारा यायचा होता. तिकीट ३१,४०० रुपयांना दिसत होते. माझी पत्नी म्हणाली की, बचत गटातून महिनाभरासाठी रक्कम उचलू आणि आजच तिकीट काढू. शेकडा दोन रुपये व्याजाने महिन्याचे ६२८ रुपये झाले असते. थोरले बंधू मात्र आडवे आले. “पैसा हाती नाई, अन् तिकीट कायले काढून रायला?” हे त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. दादांनी आयुष्यभर जमिनीचे व्यवहार केले आहेत; चारचौघांत शब्द दिला की तो पाळला जातो, हा त्यांचा अनुभव, आणि तो खोटा नाही. त्यांच्या ओळखीच्या यवतमाळच्या एजंटने जागा ‘होल्ड’ केली, एक छापील कागद दिला, आणि आम्ही निर्धास्त घरी आलो.

चुकारा पाचव्या दिवशी आला. सहाव्या दिवशी एजंटकडे गेलो तेव्हा तेच तिकीट ४३,८०० रुपयांना होते. एजंटने शांतपणे तो कागद आमच्यापुढे ठेवला. त्यावर सहा अक्षरांचा पीएनआर होता, खाली इंग्रजीत तिकीट काढण्याची मुदत छापलेली होती, आणि ती मुदत तीन दिवसांपूर्वी रात्री ११:५९ ला संपली होती. जागा आपोआप सुटली होती. चुकाऱ्यातून मजुरी आणि कृषी केंद्राची उधारी फेडायची असल्याने वरचे १२,४०० रुपये शेवटी त्याच बचत गटातून उचलावे लागले.

दादा आजही म्हणतात की एजंटने फसवले. मी म्हणतो, फसवले नाही. त्याने मुदत वाचून दाखवायला हवी होती, हे खरे. पण पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे, हे समजून घेण्याचे काम आमचे होते. पीएनआर ही केवळ नोंद असते. पैसे भरून तिकीट निघाले की त्यावर तेरा अंकी तिकीट क्रमांक येतो. तो आल्यावरच भाडे पक्के झाले असे समजावे. एकाच विमानातल्या एकाच वर्गाच्या जागा कंपनी वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विकते आणि सर्वांत स्वस्त गटात जागा मोजक्याच असतात. होल्डची मुदत संपली की आपली जागा कंपनीकडे परत जाते आणि नंतर जो गट खुला असेल त्याचेच भाडे आपल्याला मोजावे लागते. दादा याला नशीब म्हणतात. मला ते मान्य नाही. तारीख कागदावर छापलेली होती.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. काही कंपन्या शुल्क घेऊन स्वतःच भाडे धरून ठेवतात, त्याला ‘फेअर लॉक’ म्हणतात. एअर इंडियाने २०२४ मध्ये ही सोय आणली तेव्हा मुदत ४८ तासांची होती, म्हणजे चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्याला ती अपुरी पडते. एअर इंडिया एक्सप्रेसची याच नावाची सोय सात दिवसांपर्यंतची होती, मात्र प्रवासाला किमान पंधरा दिवस बाकी असावे लागत. आपला भाऊ महिनाभराने जाणार असल्याने मी आधी तीच तपासली असती. हा मात्र जमिनीचा इसार नव्हे. इसाराची रक्कम सौद्याच्या किमतीत वळती होते. लॉकचे शुल्क तिकिटात वळते होईलच असे नाही आणि तिकीट काढले नाही तर ते सहसा परतही मिळत नाही. दादा म्हणतात की असे शुल्क म्हणजे वाया गेलेला पैसा. जे शुल्क भाडेवाढीपासून वाचवते ते वाया कसे जाते, याचे उत्तर त्यांनी मला अद्याप दिलेले नाही.

चोवीस तासांच्या नियमाचाही उल्लेख अनेक जण करतील. अमेरिकेत जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी तिथल्या परिवहन खात्याचा नियम असा की, प्रवासाच्या किमान सात दिवस आधी आरक्षण करणाऱ्याला कंपनीने एक तर पैसे न घेता चोवीस तास भाडे धरून द्यावे किंवा पैसे घेऊन चोवीस तासांत दंडाविना रद्द करू द्यावे. आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे देशातल्या विमानसेवेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमांत माझ्या माहितीप्रमाणे दुसराच मार्ग आला: आधी पैसे भरा, मग ठरावीक मुदतीत विनाशुल्क रद्द करा. ही सोय पैसे हाताशी असणाऱ्यांची आहे. ज्याचा माल विकला गेला आहे पण पैसा यायचा आहे, त्याला पहिला मार्ग हवा असतो, आणि तो आपल्या नियमांत असायलाच हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: वरील मुदती आणि अटी बदलत असतात, तेव्हा लॉक करण्याआधी त्या दिवशीच्या अटी कंपनीच्या संकेतस्थळावर वाचून घ्याव्यात. सगळेच एजंट वाईट नसतात. कित्येक कंपन्यांत त्यांना काही काळ जागा खरोखरच धरता येते. त्यांच्याकडून मुदतीची तारीख आणि वेळ लेखी घ्यावी आणि चुकारा त्याआधी येणार नसेल, तर बचत गट असो की सोयरे, पाच दिवसांची उसनवारी करून तिकीट काढून टाकावे. आमच्या घरी हे सांगणारी एकच व्यक्ती होती आणि तिचे आम्ही दोघांनीही ऐकले नाही. दादांचे जाऊ द्या, मी तरी ऐकायला हवे होते.