घरीच तैलचित्रे रंगवताना प्रकृती कशी सांभाळावी?

वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात खिडक्या लावून घेऊन रंगवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रंग पातळ करण्यासाठी व ब्रश धुण्यासाठी वापरायच्या टर्पेंटाइन या द्रावकाची वाफ बंद खोलीत साचली, की डोके दुखते, डोळे व घसा चुरचुरतो, आणि त्या थकव्याचा दोष आपण उगाच कामाच्या ताणाला देतो. म्हणून समोरासमोरच्या खिडक्या उघडून सकाळी लवकर रंगवावे, टर्पेंटाइनची बाटली झाकलेली ठेवावी आणि त्या खोलीत जेवणखाण करू नये. तैलरंगात वापरायच्या जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्यास आपोआप पेटू शकतात, हे घरातल्या सर्वांनाच सांगून ठेवावे. संध्याकाळी कमाटीबागेत ३० मिनिटे भरभर चालावे; आठवड्यातून ५ दिवस चालल्यास प्रौढांसाठी सुचवलेली १५० मिनिटे भरतात. रात्री किमान ७ तास झोप मिळेल, अशा बेताने ब्रश धुऊन ठेवावेत.