अधिवेशनात निवेदन दिल्याने घरकुल आणि एसटीचा प्रश्न सुटतो का?

सुटतो, पोच घेतली असेल तर.

तुम्ही विचारलंय की सरकारी जागेमुळे गावातली घरकुलं अडलीत, संध्याकाळची एसटी बंद झालीये, तर नागपूरला जाऊन कायदा करून घेता येईल का. वाचलं आणि आमचे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, आठवले.

आम्ही यवतमाळकडले. १९५३ च्या नागपूर करारापायी वर्षातून एकदा सरकार अधिवेशनाला आपल्याकडे येतं, म्हणून भाटव्यांचं एकच, मोर्चा. माझं म्हणणं, कागद. "तुह्या कागदानं काय होते बाप्पा? सरकारले माणसं दिसले पायजेत." शेवटी दोन गाड्या भरून, भाकरी-ठेचा बांधून नागपूरच्या यशवंत स्टेडियमला गेलो. मॉरिस कॉलेजच्या चौकात पोलिसांनी अडवलं. उन्हात तासभर घोषणा दिल्यावर पाच जणांना आत बोलावलं, त्यात भाटवे. निवेदन दिलं, "बघतो" ऐकलं, फोटो काढला. तो फोटो त्यांच्या बैठकीत अजून टांगलेला आहे. मी विचारलं, पोच कुठंय? तर म्हणे, "मंत्र्याले पोच मांगतेत काय?"

तिसऱ्या दिवशी मी एकटा तालुक्याला गेलो. सोळा घरांची यादी, नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, जुन्या घरटॅक्सच्या पावत्या. वरून फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय जोडला. १ जानेवारी २०११ च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमित करायचं त्यात आधीच लिहिलेलं होतं. म्हणजे आम्ही मोर्चात जे मागत होतो ते निघून बसलेलं, फक्त कोणी लावत नव्हतं. आवक टेबलावरच्या बाईंनी माझ्या प्रतीवर शिक्का मारला, तो अर्धाच उमटला. तारीख दिसेना. मी परत मारायला लावला. बाई चिडल्या. चिडू द्या.

पुढच्या अधिवेशनाआधी आमदारांच्या माणसाचा फोन आला की तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचा प्रश्न, टाकतोय, कागद आहेत का? गावात कागद होते ते माझ्याकडेच. प्रश्न लागला. छापील उत्तर काय, तर "हे अंशतः खरे आहे", आणि शेवटच्या उपप्रश्नाला "प्रश्न उद्भवत नाही". भाटव्यांनी महिनाभर मला 'अंशतः साळेबुवा' म्हणून हाक मारली. पण ते अंशतः लिहायलाही वरून माहिती मागवावी लागली, आणि माहिती द्यायला साहेब पहिल्यांदा गावात आले. टेप लावून घरं मोजली. एका म्हातारीने विचारलं, चुलीची खोली धरली का? धरली. सोळापैकी अकरा घरं मार्गी लागली. तेव्हाच्या घरकुलाच्या एक लाख वीस हजारांच्या अनुदानात भिंती छतापर्यंत गेल्या का, हे इथल्या गवंड्याला विचारा.

एसटीचं म्हणाल तर फेरी सुरू करायला कायदा लागत नाही. ते आगारप्रमुखाचं काम. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, शाळेच्या पोरींचे पास किती ते मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या, आणि पोच घ्या. तिकिटातला प्रवासी कर कमी करा म्हणत असाल तर तो १९५८ च्या कायद्यातला, तिथे विधिमंडळच लागतं. आधी एवढं ठरवा की तुमचं काम कोणत्या टेबलावरचं आहे. अशासकीय विधेयकाच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेल्या विधेयकाच्या, नादी लागू नका, ती क्वचितच मंजूर होतात. आमची संध्याकाळची गाडी? बंदच आहे. काळी-पिवळीत लटकून येतो.

एक सांगायचं राहिलं. आमदारांच्या माणसाने पहिला फोन भाटव्यांनाच केला होता, मोर्चातली ओळख म्हणून. माझा नंबर त्यांनीच दिला. हे मी घरी कबूल केलेलं नाही, आणि भाटवे इथलं काही वाचत नाहीत.