पूर्वसंध्येचा अपॉस्ट्रॉफी

प्रश्न : आमच्या सोसायटीने ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी इंग्रजी फलक छापून आणला. त्यावर ‘न्यू इयर्स ईव्ह’ लिहिताना ‘एस’नंतर अपॉस्ट्रॉफी (अक्षराच्या वरच्या बाजूला येणारे ’ हे चिन्ह) दिला आहे. काहींच्या मते तो चुकीच्या जागी आहे, तर काही म्हणतात की ‘ख्रिसमस ईव्ह’मध्ये तो नसतो, म्हणून इथेही नको. बरोबर काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चिन्ह हवे, पण ‘एस’च्या आधी. हे चिन्ह आणि ‘एस’ मिळून आपल्या षष्ठीच्या चा-ची-चेचे काम करतात. येणारे वर्ष एकच असल्याने ‘इयर’ हा शब्द पुरा करून चिन्ह द्यायचे आणि मग ‘एस’ लिहायचा. तुमचा फलक एकाच रात्री अनेक नव्या वर्षांची पूर्वसंध्या साजरी करतो आहे! ‘ख्रिसमस’ हे सणाचेच नाव असून त्यातला शेवटचा ‘एस’ मूळ शब्दातला आहे. आपण ‘दिवाळीची पहाट’ न म्हणता ‘दिवाळी पहाट’ म्हणतो, तसे ते नाव प्रत्ययावाचून ‘ईव्ह’ला जोडले जाते.

चिन्हाची जागा वचनावर ठरते. ‘टीचर्स डे’ सगळ्या शिक्षकांचा, म्हणून ‘एस’नंतर; ‘चिल्ड्रन’ हे मुळातच अनेकवचन, म्हणून ‘चिल्ड्रन्स डे’त ‘एस’च्या आधी. मराठीत ‘शिक्षक दिन’ असा समास केला की शिक्षक एक की अनेक हे सांगावेच लागत नाही. ‘मदर्स डे’ मात्र एकवचनी राहिला तो अमेरिकेतील ॲना जार्विस यांच्या आग्रहामुळे. १९०८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील ग्राफ्टन येथे त्यांच्या पुढाकाराने हा दिवस पाळला गेला, आणि प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या आईचा सन्मान करावा, सरसकट सर्व मातांचा नव्हे, हा त्यांचा हेतू त्या चिन्हाच्या जागेतून व्यक्त होतो. त्याच देशातील ‘व्हेटरन्स डे’ चिन्हाविनाच लिहितात, कारण तो दिवस माजी सैनिकांच्या मालकीचा नसून त्यांच्या सन्मानासाठी आहे, अशी तिथल्या संबंधित सरकारी खात्याची भूमिका आहे.

जुन्या वळणाने लिहिलेल्या ‘हॅलोईन’ या पाश्चात्त्य सणाच्या नावामध्ये दोन ‘ई’ अक्षरांच्या मध्ये दिसणारे चिन्ह षष्ठीचे नव्हेच. ‘ईव्हन’ म्हणजे संध्याकाळ, या जुन्या शब्दातला गळालेला ‘व्ही’ ते दाखवते. तुमच्या फलकावरचा ‘ईव्ह’ही त्याच ‘ईव्हन’पासून आला आहे, त्याचा शेवटचा ‘एन’ गळाला, पण त्याच्यासाठी चिन्ह कोणी ठेवले नाही.